अकराशे एक्कावन्न

एकतीसनंही भाग जाईना, तेव्हा आर्किटेक्टनं पेन्सिल खाली ठेवली.

“नाही बसत,” तो म्हणाला. “अकराशे एक्कावन्न ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, बाकी कशानंच भाग जात नाही. जात असता तर एव्हाना सापडला असता.”

टेबलासमोर दोन जावा उभ्या होत्या. बसा म्हणायचं त्याला सुचलं नव्हतं. कारखान्याच्या स्फोटात मेलेल्यांच्या नावांची दगडी भिंत तो उभारत होता. अकराशे पन्नास नावं. पंचवीस ओळी, ओळीत शेचाळीस. सगळे सारखे, कुणी वेगळा पडायचा नाही, ही समितीची अट. थोरलीचा नवरा भाजलेल्या अंगानं आठ महिने झुंजला आणि गेल्या आठवड्यात गेला. मरायचं तर वेळेवर मरावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“खाली कोपऱ्यात घाला की,” थोरली म्हणाली.

“एकटंच नाव? चुकून राहिल्यासारखं दिसेल.”

“मग राहिलंच आहे ना!” तिचा आवाज चढला. “पाळीत जास्तीची माणसं कोंबली, तेव्हा नाही कुणाला भागाकार आठवला? भिंतीवर बरी एकाची अडचण होते! पोरगी रोज विचारते, बाबांचं नाव कधी लागणार. काय सांगू तिला? तुझ्या बापाला भाग जात नाही म्हणून?”

“जाऊबाई, सावकाश,” धाकटीनं तिचा दंड धरला.

आर्किटेक्ट वरमला. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं परवडली, ती निदान ओळखू तरी येतात. त्यानं पुन्हा पेन्सिल उचलली, कागदावर दोन आकडे मांडले आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

“अकराशे बावन्न! चोवीस ओळी, ओळीत अठ्ठेचाळीस. दोनानं भागा, तीनानं भागा, सोळानं भागा, चोख बसतं! आणखी फक्त एक हवं. इस्पितळात अजून एक जण आहे म्हणे, आता काही फार दिवस काढायचा नाही. दगड कापायला अवकाश आहे. जरा थांबा, ताई. दोन्ही नावं एकदमच घेऊ. माझा शब्द.”

धाकटीचा हात दंडावरून गळून पडला. दोघे भाऊ एकाच पाळीला होते. धाकट्याला चमच्यानं पाणी पाजून ती सकाळी इस्पितळातूनच इकडे आली होती, जावेला सोबत म्हणून.

थोरलीनं तिचा हात घट्ट धरला.

“साहेब,” ती म्हणाली, “देव करो आणि माझ्या नवऱ्याचं नाव त्या भिंतीवर कधीच न लागो.”