पूर्ण नाव

रक्ताची पिशवी स्टँडला टांगून झाली होती. नळी जोडायची तेवढी बाकी होती, आणि दीपमाला अडून बसली होती.

"आजी, तुमचं नाव सांगा."

"भागूबाई."

पिशवीवरही भागूबाईच लिहिलं होतं. वॉर्डच्या इनचार्ज रत्नमाला सिस्टर म्हणाल्या, "जुळलं ना? लाव आता. फ्रिजमधून निघालेली पिशवी आहे, तिला काय इथं मुक्काम करायचाय?"

दीपमाला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजनं यंदा धडे मोबाइलवर आणले होते. बजाजनगरहून येताना ती ते बसमध्ये बघायची. रक्त चढवायच्या धड्यात ती दोनदा नापास झाली होती. पडद्यावरच्या पेशंटला तिनं विचारलं होतं, "तुम्ही आशाबाई ना?" लगेच लाल फुली. नाव आपण सुचवायचं नाही, पेशंटच्या तोंडून पूर्ण वदवून घ्यायचं. दुसऱ्या पेशंटचं रक्त अंगात गेलं तर माणूस हातचं जातं. फुली आली की पडद्यावरची आशाबाई डोळे मिटायची. दीपमालाच्या हातून ती दोनदा मेली होती, आणि खोटी असली तरी दीपमालाला ते लागलं होतं.

तिसऱ्यांदा आशाबाईनं नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख घडाघडा सांगितली. तिच्या मनगटाला नावाची पट्टीही होती. इथं वॉर्डातल्या पट्ट्या संपल्या होत्या.

"आजी, पूर्ण नाव सांगा. मालकांचं नाव काय?"

भागूबाईंनी पदर तोंडाला लावला. "या बया! धन्याचं नाव कुणी घेतं व्हय?"

"बरं, जन्मतारीख?"

"ज्या साली बाजरी लई पिकली, त्या साली."

केसपेपरवर एक जानेवारी होती. वॉर्डातल्या निम्म्या म्हाताऱ्या एक जानेवारीलाच जन्मल्या होत्या.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," रत्नमाला सिस्टर म्हणाल्या. "हे बघ. वॉर्डात भागूबाई दोन. दोघी पाचोडच्या, एकाच भावकीतल्या, आडनावही एकच. एक आत्ता सोनोग्राफीला गेली. उरली ही. पिशवी भागूबाई सांडू हिची, खाट सात नंबर. ही सात नंबरवर बसलीय. आता यात तुझा मोबाइल आणखी काय सांगणार?"

दीपमालाला ते पटत होतं. वर्षाअखेरचा शेरा सिस्टरच लिहिणार होत्या, तेही तिला आठवत होतं. 'मालकांचं नाव सांडू ना?' एवढं विचारलं की सुटका होती. भागूबाई व्हय म्हणाल्या असत्या. त्या सकाळपासून सगळ्यालाच व्हय म्हणत होत्या. जेवलात का? व्हय. दुखतंय का? व्हय. आता बरं आहे ना? व्हय. रक्त द्यायचंय म्हटल्यावर तर त्यांनी हात आपणहून पुढं केला होता. अंगात रक्त आलेलं कुणाला नको असतं?

"तुमच्यासोबत कोण आहे, आजी?"

"सून. च्याला गेली खाली. तिलाबी नाय घेता यायचं, सासऱ्याचं नाव हाय."

सिस्टरांनी नळी स्वतःच हातात घेतली. दीपमाला त्यांच्या आणि खाटेच्या मधून हलली नाही.

"आजी, लग्नात घेतलं होतं ना नाव? तसंच घ्या. उखाण्यात."

वॉर्ड एकदम जागा झाला. सलाइन लावलेल्या बायका कोपरावर उठून बसल्या. "घ्या की आजी! लाजता काय या वयात?" कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. रत्नमाला सिस्टरही हसल्या आणि नळी धरून थांबल्या. नाव ऐकायला कुणाला आवडत नाही!

"थांबा गं, सुचू तर द्या," भागूबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, वर बघितलं, घसा खाकरला.

"शेजारणीची खाट घेतली, वर फिरतो पंखा,
कडुबारावांचं नाव घेते, आता नका धरू शंका."