अनोळखी गृहस्थाचा आवाज

संग्रहालयातली जुनी व्यक्तिचित्रं आता बोलू लागली होती. चित्रासाठी बसलेल्या माणसाच्या तोंडून रंगावर उडालेल्या थुंकीच्या अंशावरून यंत्र त्याचा आवाज घडवायचं. आज पाळी एका अनोळखी फ्रेंच गृहस्थाच्या तैलचित्राची होती.

चित्र घोगऱ्या आवाजात फ्रेंच बोललं आणि चित्रं साफ करणाऱ्या कुमुदबाई जागीच थिजल्या. आवाज त्यांच्या वडिलांचा होता. मरेपर्यंत त्यांनीही इथली चित्रंच साफ केली, तीही जुन्या रीतीनं, कापसाचा बोळा थुंकीनं ओला करून.

“आवाज याचाच ना, बाई? दुसऱ्या कुणाचा असेल तर पुसून टाकतो,” त्यांना तसं पाहून संग्रहालयाचे संचालक म्हणाले.

“याचाच,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “यांना एकदा मराठीत बोलायला लावता येईल का हो?”