एकही तक्रार नाही

"हे इथे कुणी टांगलं?"

इस्पितळाच्या औषधखिडकीबाहेर रांग होती आणि आत सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. तिने दोरा हातात घेतला. दोऱ्याच्या टोकाला खोक्याचा कापलेला तुकडा होता, त्यावर काळ्या पट्ट्यांचा कोड. स्कॅनरच्या शेजारीच टांगलेला, हात न लांबवता सापडेल असा. बोटं लागून लागून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या.

बाळंतपणाची रजा संपवून ती आजच कामावर आली होती. बाळ तळमजल्यावरच्या पाळणाघरात होतं. सकाळपासून छातीत दूध दाटत होतं, आता त्यावर राग दाटला.

तुकडा तिने लगेच ओळखला. तान्ह्या बाळांना झटके येऊ नयेत म्हणून देतात त्या औषधाचा. पण खोकं जुन्या कंपनीचं. कपाटात उभ्या होत्या त्या मोठ्या बाटल्या नव्या कंपनीच्या होत्या, दुप्पट कडक.

"दादा, तुम्ही?"

दादांनीच तिला हे काम हाताला धरून शिकवलं होतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "नवी बाटली मशीन घेईना. दर वेळी लाल चौकट. नवा कोड घालायचा अधिकार एकट्या तुझ्या कार्डाला. साहेबांना सांगितलं. म्हणाले, ती येईपर्यंत भागवा. मग भागवलं."

"म्हणजे ओतायची नवी बाटली आणि मशीनला दाखवायचा हा तुकडा? मग लेबलवर माप कुठलं छापून येतंय?"

"जुनं."

"म्हणजे दुप्पट औषध, दादा. एवढ्याएवढ्याशा जिवांना."

दादांनी चष्मा काढला. काचा स्वच्छच होत्या, तरी पुसत बसले.

आवाज ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. "पहिल्याच दिवशी डोक्यावर घेतलंस का सगळं? अगं, एवढे दिवस चाललंय, एक तरी तक्रार आली? एकही नाही. रात्रीची झोप झाली नसेल तुझी. पाणी पी जरा."

झोप उत्तम झाली होती. हल्ली रोजच होत होती. ते सांगायला ती साहेबांकडे वळली आणि न सांगताच दादांकडे फिरली.

"कुणाकुणाला दिलंय?"

"नवजात कक्षातून घरी गेलेल्यांना." दादांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आणि तुझ्या नवऱ्याला. बाटली संपली म्हणून आला होता गेल्या आठवड्यात. आपलंच लेकरू, म्हणून रांगेतून बाहेर काढून मीच भरून दिली गं."

इथे मोठ्या बाटलीतलं औषध छोट्या तपकिरी बाटलीत ओतून वर कॉम्प्युटरचं लेबल चिकटवून देत. घरी कुणाला काही कळायला मार्गच नव्हता. तिलाही नव्हता. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात पिचकारी धरून, बरोबर रेघेवर, थेंबभर इकडेतिकडे होऊ न देता ती स्वतः आपल्या बाळाचं औषध मोजत होती.

तिने हिसडा देऊन दोरा तोडला. "सगळ्यांना फोन लावा, दादा. आत्ता. म्हणावं औषध थांबवा आणि बाळाला घेऊन या."

पाळणाघरातल्या ताई तिला बघून हसल्या. "लगेच आठवण आली वाटतं? अहो, काही म्हणजे काही तक्रार नाही त्याची. असलं शहाणं बाळ बघितलं नाही मी. दुधालासुद्धा उठवावं लागतंय."

घरीही सगळे हेच म्हणत होते. सासूबाई तर आल्यागेल्याला सांगत, आमच्याच वळणावर गेलाय, गरीब गाय आहे नुसती. आणि ती? ती आठवडाभर निवांत केस धूत होती. चहा गरम असताना पीत होती. झोपलेल्या त्याच्या कपाळाचे पापे घेत होती आणि म्हणत होती, किती गं समजतं माझ्या राजाला, आईला आता कामावर जायचंय.

तिने त्याला उचललं. मान खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली.

नवजात कक्षातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात उचलून सोडला. तो गादीवर पडला आणि तसाच राहिला. "श्वास ठीक आहे," त्या म्हणाल्या. "रक्त तपासायला पाठवलंय. औषध उतरायला वेळ लागेल. आपण लक्ष ठेवून थांबायचं."

ती थांबली. त्याच्या तळपायांना गुदगुल्या केल्या, टिचकी मारली, गाल चोळले. चेहऱ्यावर साधी आठीसुद्धा उमटेना. "रड ना रे," ती त्याच्या कानात म्हणत राहिली. "चीड माझ्यावर. भांड. लाथ मार मला." बाहेर दादांच्या फोनवरून धावत आलेले आईबाप एकेक करून जमू लागले. सगळ्यांच्या कुशीत तशीच शहाणी बाळं.

दुपार कलल्यावर तिचा फोन वाजला. साहेब होते, आणि चांगलेच तापले होते.

"दादा कुणाच्या परवानगीनं फोन करत सुटलेत? वरपर्यंत बोभाटा झालाय. मी अहवालात लिहितोय, एकाही पेशंटची तक्रार नाही. तूही तेच सांगायचंस. आधी कार्ड घेऊन खाली ये आणि तो कोड…"

गादीवर काहीतरी हललं. बाळाने मूठ आवळली. कपाळाला आठी पडली, ओठ वाकडे झाले, चेहरा लालबुंद झाला. आणि मग आठवडाभराचं साठलेलं, फाटक्या, चिरक्या आवाजात, एकदम बाहेर आलं.

"काय चाललंय तिकडे?" साहेब ओरडले. "आधी गप्प कर त्याला, मला काही ऐकू येत नाहीये."

तिने फोन बाळाच्या तोंडाजवळ नेला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला. मग कानाला लावला.

"तक्रार आहे, साहेब. लिहून घ्या."