चपला पायातच राहू द्या

मोठ्या डॉक्टरांच्या केबिनच्या दारात वैरागच्या गोजाबाईने देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढायला घेतल्या. “मावशी, पायातच राहू द्या,” दवाखान्याच्या मदतकक्षातली समुपदेशक उत्कर्षा म्हणाली. “हात जोडायचे नाहीत. खुर्चीवर बसून कारण विचारायचं. तुमचा हक्क आहे.” आठवडाभर दोघींनी याचीच तालीम केलेली. गोजाबाई चपलांसकट आत गेली आणि खुर्चीवर बसली. “मालकांचं आपरेशन सारखं पुढं का ढकलताय? कारन सांगा की.” बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. “ताई, उद्या करत्यात!” तेवढ्यात आतून डॉक्टर कडाडले, “बोलवा त्या मदतकक्षवालीला! पेशंटला असलं शिकवायला खोली दिलीय का तिला?” उत्कर्षाने दारातच सँडल काढल्या आणि हात जोडून ती आत गेली. गोजाबाई त्या रिकाम्या सँडलकडे बघत राहिली. मग तिने आपल्याही चपला काढल्या आणि शेजारी लावून ठेवल्या.