चेंडू थांबायची जागा

सातवा चेंडूही होल ओलांडून चार फूट पुढे गेला, तेव्हा दिपिकाने गोल्फचा पटर गवतावर टाकला आणि तिथेच बसकण मारली.

लांबून मारलेला पट, म्हणजे चेंडू गवतावरून घरंगळवणारा फटका, होलजवळ थांबवणं तिला जमेनासं झालं होतं. दिशा बरोबर असायची, अंतर चुकायचं. कधी चेंडू अर्ध्यातच दम सोडायचा, कधी पार निघून जायचा. या एका दुखण्यापायी तीन वर्षांत तीन निवड स्पर्धा हातच्या गेल्या होत्या. कोचने फोन उचलणं बंद केलं होतं. माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये वडील आता खेळाबद्दल काही विचारत नसत, आणि ते न विचारणंच तिला जास्त लागायचं. पुढच्या महिन्यातली स्पर्धा शेवटची, असं तिनेच घरी सांगून टाकलं होतं.

राजोडीच्या या रिसॉर्टमधलं बारीक कातरलेल्या गवताचं छोटं ग्रीन सकाळी मोकळं असे. मॅनेजर प्रितेश तिच्या शाळेतला. पाहुणे उठेपर्यंत सराव कर, म्हणाला होता. त्या वेळी तिथे आणखी एकच माणूस असायचा, साठी उलटलेला माळी श्रीपत.

"बाय, तू उतार बघतेस, पन पानी नाय बघत," तो मागून म्हणाला.

"कुठलं पाणी?"

"हितं आमचं भाताचं शेत होतं. भावकीनं विकलं. ह्यांनी वरून कसलंबी गवत लावू दे, जमीन तीच. पानी त्या ताडाकडं जायाचं. चेंडू पन तिकडंच जातो."

पाहुण्यांसाठी ठेवलेला एक जुना पटर त्याने उचलला आणि तीस फुटांवरून चेंडू मारला. चेंडू होलकडे गेलाच नाही. ताडाच्या बाजूला, रिकाम्या गवतावर अलगद जाऊन थांबला. दुसरा त्याला खेटून थांबला. तिसरा, चौथा, सगळे एका सुपाएवढ्या जागेत. दिपिका उठून उभी राहिली.

"कुणी शिकवलं, काका?"

"कोन शिकवनार? धा वर्सं झाली, रोज सकाळी टाकतो."

"मग होलमध्ये का नाही मारत?"

"होलशी माझं काय काम?" म्हणत तो पाण्याचा पाइप ओढत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याकडे शिकू लागली. तो होलवर फडकं टाकायचा. डोळे मिटून मारायला लावायचा, आणि डोळे उघडण्याआधी चेंडू कुठे थांबला ते तिने सांगायचं. "झोपल्या घरात पाय टाकतो ना, तसा गेला पायजे," तो म्हणायचा. "घाई केलीस की धडकतो."

चेंडू गोळा करताना तो त्या सुपाएवढ्या जागेला वळसा घाली आणि लांबूनच हात पुढे करी. तिथल्या गवतावर त्याने कधी पाय दिला नाही. दुसऱ्याच्या पटच्या रेषेवरून खुशाल चालणारी माणसं दिपिकाने मोठमोठ्या क्लबांत पाहिली होती. या माळ्याची अदब बघून तिला त्यांची लाज वाटायची.

एकदा त्याची बायको हंसा डबा घेऊन आली. ग्रीनवर ती चढली नाही. कडेला उभी राहून नवऱ्याचे चेंडू कुठे थांबतात ते बघत राहिली आणि डबा कडेलाच ठेवून निघून गेली.

महिनाभराने स्पर्धा झाली. चार दिवसांत दिपिकाला एकाही होलवर तिसरा पट मारावा लागला नाही. पण शेवटच्या दुपारी तिचा एक लांबचा फटका तळ्यात गेला आणि निवड एका फटक्याने हुकली. एकाच. निकालाच्या फळ्यासमोर आपण किती वेळ उभ्या होतो, हे तिला नंतर आठवेना. घरी आल्यावर वडिलांनी पाठीवर हात ठेवला.

"झालं ना आता?"

"हो, बाबा. झालं."

दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी राजोडीला गेली, ती फक्त श्रीपतचा निरोप घ्यायला. ग्रीनवर प्रितेश उभा होता.

"बरी आलीस. शनिवारी पाहुण्यांची स्पर्धा ठेवतोय. अजून एक होल पाडायचाय. तू सांग ना, कुठे?"

दिपिकाला विचार करावा लागला नाही. आपला खेळ सुटला, पण या माणसाने शिकवलेलं कुठेतरी राहायला हवं, असं तिला फार वाटत होतं. तिने ताडाच्या बाजूला बोट दाखवलं.

"तिथे. आणि त्या होलला श्रीपतकाकांचं नाव दे."

प्रितेशने हाक मारली. श्रीपत होल पाडायचं हत्यार घेऊन आला. वर दोन मुठी असलेला पोलादी नळा होता तो. जागा ऐकून तो थबकला.

"दुसरीकडं पाडू, सायेब. हितं पानी साठल."

"काका, पाणी इथे थांबत नाही, पुढे ताडाकडे जातं, हे तुम्हीच शिकवलंत मला," दिपिका हसली. कितीतरी दिवसांनी हसली. कौतुकाने म्हातारा संकोचला, असं तिला वाटलं.

"अगं बाय, पन..."

"पण नाही न् बिण नाही. मीच पाडते. तुमच्यासाठी."

तिने त्याच्या हातातून नळा घेतला, गवतावर नेमका टेकवला आणि सगळं अंग टाकून पिळला. माती मऊ होती. नळा सहज आत गेला. तिने तो वर ओढला, तसा काळ्या मातीचा गोल तुकडा गवतासकट बाहेर आला.

श्रीपत गुडघ्यांवर बसला. मातीचा तो तुकडा त्याने ओंजळीत घेतला.

"बास, बाय. आनखी खोल नको," तो म्हणाला. "तीन दिवसांची पोर हाय माझी तिथं."