तेलावरचा कोट

थोरल्याने गुडघ्यांवर बसून पांढरं फडकं लाकडी जमिनीवर घासलं. फडक्यावर तपकिरी डाग उमटला. परवा लावलेला तेलाचा रंग वरून वाळल्यासारखा दिसत होता, पण लाकडाच्या पोटात तेल अजून ओलं होतं. त्यावर पाण्यातलं पॉलिश धरणार नव्हतं.

धाकटा दाराशी बसून पॉलिशचा डबा ढवळत होता. हे पाण्यातलं पॉलिश त्यानेच शोधून आणलं होतं. वास नाही, दोन तासांत वाळतं, पुढे पिवळं पडत नाही. सकाळीच बाबा घराच्या मालकीणबाईंना म्हणाले होते की आपला जन्म नाकाला फडकं बांधण्यात गेला, हा पोरगा हुशार निघाला. थोरला तिथेच उभा होता. जमिनीला अक्रोडी रंग त्याने चढवला होता. त्याबद्दल बाबांनी अवाक्षर काढलं नाही.

"दादा, वाळलंय का?" धाकट्याने विचारलं. दादाने हो म्हटलं की तो पुन्हा तपासत नसे.

थोरल्याने फडकं मुठीत चुरगळलं.

"वाळलंय. लाव."

धाकट्याने खिडकीपासून दारापर्यंत सरळ, लांब हात मारत पॉलिशचा कोट लावला. मालकीणबाई डोकावून गेल्या आणि कौतुक करून गेल्या, तेही त्याचंच. थोरला बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि बाबांची वाट बघू लागला.

दुपारी बाबा आले. चपला काढून आत गेले, वाकले आणि कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाने खरवडलं. दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा निघून आला. तो बोटावर धरून त्यांनी धाकट्याकडे आणि मागोमाग आत आलेल्या थोरल्याकडे पाहिलं.

नव्या मालाचा हाच घोळ असतो, असं म्हणायला थोरल्याने तोंड उघडलं. त्याआधी धाकटा बोलला.

"माझी घाई, बाबा. दादा थांब म्हणत होता, मीच ऐकलं नाही."

बाबांनी पापुद्रा फडक्याला पुसला. त्यांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लाकूड कळतं ते तुला," ते म्हणाले. "माझ्यानंतर कामाचा शब्द तुझा."

हे ऐकायला थोरला बाबांच्या हाताखाली अठरा वर्षं थांबला होता. त्याला मान वर करवेना.

बाबा मालकीणबाईंची समजूत घालायला आतल्या खोलीत गेले. धाकट्याने घासायची मशीन ओढत आणली. सगळं पुन्हा कोऱ्या लाकडापर्यंत घासावं लागणार होतं. वायर सोडवताना तो थोरल्याकडे न बघता हळूच म्हणाला, "लाकूड ओलं की कोरडं, तुझा अंदाज कधी चुकत नाही, दादा. आजही चुकला नसणार."

आणि त्याने मशीन सुरू केली.