तांब्यातली फट

आकड्यांत साठवलेल्या गाण्याचे पुन्हा सूर करणाऱ्या चिपसाठी इंजिनिअरसाहेबांनी स्वतः सर्किट बोर्ड आखला होता, तरी सुरात बारीक गुणगुण यायचीच. आठवडाभर ते तिच्यामागे हात धुऊन लागले होते. त्या दुपारी टेबलावरच त्यांचा डोळा लागला.

स्वप्नात तांब्याचं लखलखतं मैदान होतं आणि बॅग घेतलेली एक मुलगी घरी परतत होती. मध्येच मैदानाला लांबलचक फट पडलेली. काठाकाठाने वळसा घेत ती पलीकडच्या गोंगाटात शिरली आणि दिसेनाशी झाली.

ते दचकून उठले. आकड्यांचा गोंगाट सुरांकडे येऊ नये म्हणून बोर्डावरच्या तांब्यात ती फट त्यांनीच तर पाडली होती! त्यांनी त्या फटीवर तांब्याची पट्टी सोल्डर केली. गुणगुण विरून गेली.

"सापडलं गं!" ते बायकोला म्हणाले. "सिग्नलला जायला वाट ठेवली, पण परत यायची मीच तोडली होती. नुसता एक पूल घालायचा होता."

"लेकीला दार बंद केलंत तेव्हापासून मी दुसरं काय सांगतेय?" ती म्हणाली, आणि नंबर लावून फोन त्यांच्या कानाला लावला.